डबडं वाजलं म्हणजे बाण लागला

माझ्या वहिनीच्या उजव्या हाताची दोन बोटं वाकत नाहीत. ती माझ्या थोरल्या भावाच्या बाणानं मोडली, असं गाव सांगत असे आणि भाऊही तसंच सांगत असे. बाण त्याचाच होता, हे खरं. पण त्या संध्याकाळी वहिनी जिथं उभी होती ती जागा तिला मी दाखवली होती. ती जागा धोक्याची आहे हे मला पक्कं ठाऊक होतं. ठाऊक असून मी तिला तिथंच उभं राहायला सांगितलं, आणि बोटं मोडली तेव्हा मी मास्तरकी शिकायला यवतमाळला गेलेलो होतो. ही माझी चूक. 'चूक' हा शब्दही मी माझ्या सोयीनंच वापरतो आहे.

आमचं गाव मुकुटबनच्या बाजारापासून चालत जाण्याच्या अंतरावर. आईवडील लवकर गेले. दादा माझ्याहून बराच मोठा, त्यानं आणि वहिनीनंच मला वाढवलं. नाल्याकाठी आमचं थोडं शेत होतं. दादाचा लहानपणापासूनचा सोबती वरच्या पोडातला, म्हणजे कोलामांच्या वस्तीतला. दोघांनी मिळून गुरं राखली होती आणि तिरकमठा दादा त्याच्याकडूनच शिकला होता. रानडुकरं नाल्यातून वर येत, आणि त्यांच्यासाठी दादाच्या भात्यात लोखंडी पात्यांचे बाण असत.

छप्पन साली दादा गावातल्या लोकांबरोबर नागपूरला गेला आणि दीक्षा घेऊन आला. जीवहिंसा करणार नाही हे पंचशीलातलं पहिलं शील, म्हणून आल्यावर लगेच त्यानं सगळ्या बाणांची पाती उपटून काढली, लोहाराकडं नेली आणि त्यांचा विळा करून आणला. तो विळा वहिनी वापरू लागली. बाणांना त्यानं बाभळीच्या लाकडाची बोथट बोंडं बसवली. त्याचा सोबती ती बोंडं हातात घेऊन कितीतरी वेळ हसत होता.

"तुह्या बाणायचे तं दातच पाडले बे तू! आता डुकरायले काय गुदगुल्या करशीन?"

"हाव, गुदगुल्याच करीन," दादा म्हणाला. "हसत हसत जातीन आपल्या घरी."

पण शेत तर राखायचं होतं. पेरलेला भुईमूग डुकरं एका रात्रीत उकरून टाकत. मचाणावरून ओरडून पाहिलं, थाळी वाजवून पाहिली. डुकरं दोन दिवस बिचकली आणि मग सरावली. आवाज मचाणावरून येतो आणि मचाण काही जागचं हलत नाही, हे त्यांना कळलं होतं. तेव्हा दादानं युक्ती काढली. नाल्याकडच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, मोहाचं जुनं झाड होतं. त्याच्या फांदीला त्यानं घासलेटचं रिकामं डबडं टांगलं. मचाणावरून बोथट बाण मारायचा आणि डबडं वाजवायचं. मग आवाज डुकरांच्या अंगाजवळूनच उठे, बाजूनं, एकदम, आणि ती आल्या पावली नाल्यात उतरत. जीव कोणाचाच जात नसे. गावात याची पुष्कळ थट्टा झाली. "डुकरायपुढे कीर्तन लावते म्हणे," असं आमच्या शेजारचे म्हातारबुवा सांगत फिरत. पण त्या वर्षी आमचा भुईमूग वाचला.

डुकरं यायची ती दिवेलागणीला. म्हणून दादाचा सरावही त्याच वेळी चाले. गुरं परतून धूळ खाली बसली की सुरू, आणि डबडं दिसेनासं झालं की बंद. दादा नेम धरत नसे. एक डोळा मिटणं, बाणाच्या टोकावरून रोखून पाहणं, हे त्यानं कधी केलं नाही. दोन्ही डोळे उघडे ठेवून तो फक्त डबड्याकडं पाही. हात वर यायचा, मागं जायचा आणि सुटायचा, एखाद्यानं अंगावर बसलेली माशी हाकलावी इतक्या सहज.

"बाणाकडे पाह्यलं का बाण चुकलाच समज," तो मला सांगे. "जथी जायचं तथी पाह्य. हात आपल्या मनानं जाते."

उजेडात हे जमत नाही, असं त्याचं म्हणणं होतं. उजेडात नजर फसते आणि बाणाच्या टोकावर जाऊन बसते. अंधुक झालं की टोक दिसतच नाही. समोर फक्त डबड्याचा फिकट ठिपका राहतो आणि मन तिथंच राहतं. मीही थोडे दिवस शिकून पाहिलं. मला ते कधीच आलं नाही. माझी नजर अंधारातही बाणाचं टोक शोधत राही, तो नीट चालला आहे ना, माझा हात चुकत नाही ना, हे पाहत. शेवटी दादानं मला मोहाकडं पाठवलं. बाण पडले की पूर्ण काळोख व्हायच्या आत ते गोळा करायचे, हे माझं काम झालं. मी डबड्याच्या बाजूलाच उभा राही. तेव्हा तिथं उभं राहण्यात कसलाही धोका नव्हता. बाण सुटला की डबडं वाजलंच पाहिजे, इतका दादाचा हात पक्का होता.

साठच्या सुमाराला माझं यवतमाळला शिकायला जायचं ठरलं. गावातून मास्तर होणारा आमच्या लोकांतला मी पहिलाच होतो. दादाला याचा एवढा आनंद झाला होता की बाजारात भेटेल त्याला थांबवून तो सांगे. मला मात्र त्यानं एक गोष्ट स्पष्ट सांगून ठेवली होती.

"माह्याच्यानं शेत राखनं होऊन राह्यलं तोवर तू शिकून घे. माह्याच्यानं नाही झालं तं तुलेच पाहा लागन, बापा. दुसरं कोन आहे आपल्याले?"

त्याच उन्हाळ्यात त्याचे बाण चुकू लागले. पहिल्यांदा एखादा, मग बरेच. उजेड असे तोवर सगळं पूर्वीसारखं. सूर्य टेकला की बाण गवतात जाऊ लागत. एकदा घरी परतताना दादानं माझा खांदा धरला आणि तो सोडला नाही. पायवाट त्याच्या जन्माची ओळखीची होती. चालता चालता म्हणाला, "औंदा अंधार लवकर पडून राह्यला, नाही?"

उन्हाळा होता, दिवस मोठे होते. पश्चिमेकडं अजून तांबडं होतं आणि मला पायाखालचा खडान् खडा दिसत होता. अंधार फक्त त्याच्यासाठी लवकर पडत होता. हे मला त्याच क्षणी कळलं, आणि मी म्हणालो, "हाव, दादा. लवकर पडते खरा."

खोटेपणाची सुरुवात तिथं झाली. पुढच्या संध्याकाळी मी डबड्यापाशी उभा होतो आणि माझ्या हातात आधी गोळा केलेला एक बाण होता. दादाचा बाण आला आणि डबड्याच्या कितीतरी बाजूनं गवतात शिरला. मी हातातल्या बाणाचं बोंड डबड्यावर आपटलं. डबडं खणखणलं. मचाणावरून दादाची आनंदाची आरोळी आली. "पाह्यलं काय? म्हने हात गेला माह्या!" हात गेला असं त्याला कोणीही म्हटलेलं नव्हतं. ते त्याचं त्यालाच वाटत असणार.

मी हे त्याचं मन राखण्यासाठी केलं, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. ते खरं नाही. त्याला दिसत नाही हे उघड झालं असतं तर मला राहावं लागलं असतं. मला जायचं होतं. डबडं मी माझ्यासाठी वाजवत होतो.

मग ते रोजचंच झालं. संशय येऊ नये म्हणून मधूनमधून एखादा बाण मी चुकू देई. आणि बाण कुठंही येऊ लागले तसा मी डबड्याच्या बाजूला उभं राहणं सोडून दिलं. एक बाण माझ्या कानाशेजारून गेला त्या दिवसापासून मी मोहाच्या खोडाआड उभा राहू लागलो. बाण गवतात पडल्याचा आवाज आला की फक्त हात बाहेर काढून डबडं वाजवायचं आणि पुन्हा आत घ्यायचा. अंधुकात दादाला यातलं काहीच दिसत नसे. घरी आल्यावर हातपाय धुऊन आम्ही तिघं भगवंताच्या तसबिरीपुढं बसत असू. दादा पंचशील म्हणे आणि आम्ही त्याच्यामागून. खोटं बोलण्यापासून दूर राहीन, हे चौथं शील मी रोज स्वच्छ आवाजात म्हणत होतो. डबड्याचा आवाज तेव्हा कानात ताजा असे.

जायच्या आदल्या संध्याकाळी वहिनी माझं काम समजून घ्यायला शेतात आली. आता बाण तिला गोळा करायचे होते. मोहाखाली उभी राहून तिनं डबडं हातानं हलवून पाहिलं आणि विचारलं, "भाऊजी, मी कुठी उभी राहू?"

'खोडाआड' एवढा एकच शब्द होता. पण तो म्हटला असता तर तिनं विचारलं असतं, काहून? आणि त्याला माझ्याजवळ उत्तर नव्हतं. म्हणजे होतं, पण ते दिलं असतं तर सकाळची गाडी गेली असती.

"अथीच, डबड्याच्या बाजूले," मी म्हणालो. "दादाचा बाण चुकत नाही. डबडं वाजलं म्हनजे बाण लागला समजा."

"अन् नाही वाजलं तं?"

"तं मारलाच नसन."

ती हसली. "बरं बाप्पा. म्हनजे मले काही भेव नाही."

मी मनाशी हिशेब केला होता. माझ्यामागं डबडं वाजणार नाही, चार दिवसांत दादाला सगळं कळेल. तोवर माझं नाव वर्गात लागलेलं असेल आणि एकदा नाव लागल्यावर तो मला परत बोलावणार नाही. वहिनीही पहिला बाण चुकलेला पाहून आपणच बाजूला होईल. हिशेबात सगळं बसत होतं. वहिनी माझ्या शब्दावर किती विश्वास ठेवते, हे तेवढं मी धरलं नव्हतं.

झालं ते मला नंतर तिनंच सांगितलं. सुरुवातीला पावसानं आणि पेरणीनं मचाणावर जाणं झालंच नव्हतं. आषाढातल्या एका कोरड्या संध्याकाळी दादा वर चढला. वारा होता, मोहाची पानं वाजत होती. बाण गवतात जात होते आणि डबडं गप्प होतं. ती ऐकत होती डबड्याचा आवाज, गवताचा नाही. "आवाज येऊन नाही राह्यला, म्हून मले वाटलं हे थांबले असतीन. डबडं वाकडं झालतं वाऱ्यानं. म्हटलं, सरळ करून देवाव." तिनं हात वर केला. त्या दिवसाचा एकच बाण नीट डबड्याकडं आला, आणि तो तिच्या बोटांवर बसला.

निरोप मिळताच मी गावी आलो. हाडवैदानं बांबूच्या कामट्या बांधल्या होत्या. दादा ओट्यावर बसला होता आणि तिरकमठा आढ्याला खोचलेला होता. तो मला म्हणाला, "पाती काढली, बोंडं बसवली, तरी माह्या हातून पहिलं शील मोडलंच. अन् तेही घरच्याच मानसावर." त्या वेळी बोलायला हवं होतं. मी म्हणालो, "जाऊ दे दादा, अंधार होता." तिसऱ्या दिवशी मी यवतमाळला परतलो.

त्याच वर्षी वर्गात आरोग्याच्या तासाला रातांधळेपणाचा धडा झाला. दिवसा दिसतं, दिवेलागणीनंतर दिसत नाही, पालेभाजी आणि योग्य खाणं मिळालं की पुष्कळदा बरं होतं. ते सगळं दादाचंच होतं. मुकुटबनला जाणाऱ्या गावातल्या एका माणसाबरोबर मी निरोप धाडला, दादाला पालेभाजी खायला घाला. कशासाठी ते मात्र सांगितलं नाही. गावात त्या निरोपावर पुष्कळ हसू झालं. "मास्तर झाला अन् आता आपल्याले भाजी खायाले शिकवते," असं म्हातारबुवांनी चार घरी सांगितलं. पण वहिनीनं तो निरोप मनावर घेतला. तरोटा, अंबाडी, शेवग्याचा पाला, मिळेल ते ती रोज शिजवू लागली. पुढच्या वर्षी दादाला संध्याकाळचं पूर्वीसारखं दिसू लागलं.

यात आनंद मानावा असं मला वाटलं होतं. झालं उलटंच. दादाला कधी कळलंच नव्हतं की त्याला दिसत नव्हतं. आता तर डोळे स्वच्छ होते. मग त्या दिवशी बाण वहिनीच्या हातावर कसा गेला, याला त्याच्यापाशी एकच उत्तर उरलं, आपलं लक्ष नव्हतं. आपण माजलो होतो. "रोज लागे डबड्याले, म्हून मस्ती आलती मले," असं त्यानं मला एकदा सांगितलं. ते रोजचं लागणं माझ्या हातचं होतं. माझ्या अर्ध्या खऱ्यानं त्याच्याकडून अंधाराचं निमित्तसुद्धा काढून घेतलं.

मचाण मोडलं. भुईमूग बंद झाला. डुकरं कापसाला तोंड लावत नाहीत म्हणून नाल्यापर्यंत कापूस पेरायला सुरुवात झाली. वहिनी डाव्या हातानं वेचायला शिकली. दोन्ही हात चालणाऱ्या बाया तिच्या पुढं निघून जात आणि ती आपल्या ओळीत एकटी मागं राही. सुटीत गावी गेलो की मी तिच्या बाजूची ओळ धरून वेचू लागे. ती म्हणे, "भाऊजी, तुम्ही कायले हात काळे करता? तुमचे हात खडूचे." मी वेचत राही.

आणि घरी पंचशील म्हणताना दादा पहिल्या शिलाला गप्प राही. सुरुवात वहिनी करी आणि दुसऱ्या शिलापासून तो तिच्या आवाजात आपला आवाज मिसळे. 

साठचं दशक निम्म्याहून अधिक उलटलं तेव्हा गावात लहानसा विहार बांधून झाला. दादानं स्वतः विटा वाहिल्या होत्या. पौर्णिमेला तो उघडायचा होता आणि लोकांनी ठरवलं की त्या दिवशी सगळ्यांना पंचशील दादानं द्यावं. दादानं नाही म्हटलं. लोकांनी मला गाठलं. तोवर मी एका खेड्यावर शिकवत होतो आणि नाताळच्या सुटीत गावी आलो होतो.

"मास्तर, तुमचं ऐकतीन ते," एक जण म्हणाला. "येवढा कायचा मान पाह्यजे त्यायले?"

"मान नाही लागत त्याले," मी म्हणालो. 

संध्याकाळी शेतात गेलो. कापूस फुटला होता. दादा गाठोडं बांधत होता आणि वहिनी शेवटची ओळ वेचत होती. मी विहाराची गोष्ट काढली. दादानं गाठ मारली आणि मान न उचलता म्हणाला, "जे माह्या हातून मोडलं ते मी दुसऱ्याले कसं देऊ? तू शिकलेला आहेस, तूच सांग."

दिवस मावळला होता. धुऱ्यावर मोह उभा होता आणि त्याच्या फांदीला ते डबडं गंजून अजून लटकत होतं. कोणी काढलं नव्हतं. शब्द जुळवायचा मी वाटेत पुष्कळ प्रयत्न केला होता, पण एकही हाताशी आला नाही. मी मोहापाशी गेलो, एक जाड काटकी उचलली आणि खोडाआड उभा राहिलो.

"काय करून राह्यला रे?" दादानं विचारलं.

"दादा, तिकडूनच आयक."

मी हात बाहेर काढला आणि डबडं वाजवलं. हात आत घेतला. पुन्हा वाजवलं. गंजल्यामुळं आवाज फाटका येत होता, पण आवाज तोच होता. कापसाच्या ओळीत वहिनी ताठ उभी राहिली. दादा हळूहळू चालत झाडापाशी आला. मी खोडाआडूनच सांगत गेलो, कारण त्याच्या तोंडाकडं पाहून मला ते सांगता आलं नसतं. त्या उन्हाळ्यात तुला दिसत नव्हतं, तुझे बाण गवतात जात होते, डबडं मी वाजवत होतो, मला जायचं होतं.

दादानं खोडाकडं पाहिलं. माझ्याकडं नाही, खोडाकडं.

"मंग तू ह्या झाडामांगं उभा राहे?"

"हाव."

वहिनी आमच्यापाशी येऊन थांबली होती. कापसानं भरलेली ओटी तिनं डाव्या हातानं धरली होती. दादानं तिच्याकडं पाहिलं आणि मग माझ्याकडं.

"अन् हिले?"

एवढंच विचारलं त्यानं. मी खोडाआडून बाहेर आलो आणि डबड्याच्या बाजूला, मी तिला दाखवलेल्या जागी, उभा राहिलो.

"वहिनी," मी म्हणालो, "मी सोता झाडामांगं लपत होतो, अन् तुमाले अथी उभं केलं. बाण चुकते हे मले मालूम होतं. दादाच्या हातून काही मोडलं नाही. तुमची बोटं मी मोडली, अन् इतके वर्स ते याच्या माथी राहू देलं. मले माफ करा, वहिनी. दादा, तूही मले माफ कर."